आगाखान पॅलेसमधल्या प्रार्थनेची कुळकथा

सर्वधर्म प्रार्थना म्हटली की कुणीतरी ठरवून, प्रत्येक धर्माला सारखा वाटा देऊन ती बांधली असेल असे वाटते. गांधीजींच्या प्रार्थनेचे कूळ शोधत गेले तर वाटणीचा हिशेब कुठेच सापडत नाही. सापडतात ती माणसे, आणि त्यांतली बरीचशी बंदिवासातली. जपानी बौद्ध आचार्य निचिदात्सु फुजी 1933 साली वर्ध्याला गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या पंथाचा एक भिक्षू सेवाग्रामला राहिला. हातातल्या चपट्या ढोलकावर काठीचा ठेका धरून तो ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा जप करी. डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरला आणि सरकारने भिक्षूला धरून नेले. त्याचा जप मात्र गांधीजींनी प्रार्थनेत कायम ठेवला.

आठ-नऊ महिन्यांत खुद्द गांधीजीच पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध झाले. 9 ऑगस्ट 1942 ला अटक, 15 ऑगस्टला त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले. दहन आवारातच करावे लागले. मग रोज समाधीवर फुले आणि गीतेचा बारावा अध्याय, असा नेम पडला. गांधीजींच्या 1943 च्या उपोषणावेळी डॉ. गिल्डर या पारशी राजबंद्याला तिथे आणले गेले. अवेस्तातली प्रार्थना नित्यपाठात आली ती त्यांच्यामुळे. 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा गेल्या, तेव्हा चितेपाशी गीतेबरोबर कुराण, बायबल आणि अवेस्ताही वाचले गेले. तोवर ही रीत तयार होती. शोकाने ती फक्त वापरली.

ख्रिस्ती धागा मात्र बंदिवासातल्या माणसांच्या या उपपत्तीत बसत नाही, हे कबूल करायला हवे. न्यूमनचे ‘लीड, काइंडली लाइट’ हे स्तोत्र गांधीजींना दक्षिण आफ्रिकेपासून प्रिय होते, आणि नरसिंहराव दिवेटियांच्या गुजराती अनुवादातून ते आश्रमात रुळले होते. त्यासाठी कुणाला तुरुंगात जावे लागले नाही. पण म्हणून सगळेच आवडीनिवडीचे होते असे ठरत नाही. हे सारे राजकीय सोयीचे होते, हा आक्षेप तर जपानी जपापाशी कोसळतोच. काँग्रेस जपानधार्जिणी असल्याचा आरोप उघड होत असताना शत्रुदेशातल्या भिक्षूचा मंत्र म्हणण्यात सोय कसली? दुसरा आक्षेप वजनदार आहे: चौकट हिंदूच राहिली, मध्यभागी गीता आणि रामधून, बाकीचे कडेला. हे खरे आहे, आणि आंबेडकरांच्या वाटेने धम्माकडे आलेल्या वाचकाला तो एका ओळीचा बुद्ध अपुरा वाटला तर त्यात नवल नाही. मात्र ती ओळ बौद्ध धर्माची प्रतिनिधी म्हणून तिथे बसवलेली नव्हती. एका पकडून नेलेल्या माणसाची जागा तिने धरून ठेवली होती, आणि तेवढेच तिच्याकडून मागावे.