कंसातली नावं

घराण्याचा इतिहास शोधायचा म्हटलं की आपण आधी वंशावळ धरतो. कोकणातल्या बऱ्याच घराण्यांचे कुलवृत्तान्त छापले गेले आहेत आणि जुन्या वाचनालयांतून ते अजून पाहायला मिळतात. आमचाही मिळाला. मूळ पुरुषापासून पिढ्या नीट मांडलेल्या. पण आमच्या शाखेच्या पानावर सगळे पुरुषच. मुलींच्या जागी नुसतं ‘कन्या ३’. माझ्या पणजीचं नाव नाही. घरात तिला सगळे ‘बाय’ म्हणत, त्यामुळे सांगणारंही कुणी उरलं नव्हतं.

मग मी जमिनीच्या कागदांकडे वळले. मुंबई इलाख्यात १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा झाला. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली, की का आणि कशी गेली याची नोंद होऊ लागली. तोच आपला फेरफार. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात जे आकडे दिसतात ते फेरफाराचे क्रमांक. एकेक क्रमांक धरून मागे जायचं, तहसील कचेरीत नकलेसाठी अर्ज करायचा. जुन्या नोंदी मोडीत असतात. मोडी वाचणारा गाठावा लागतो.

पणजोबा १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीत गेले. आमच्याकडे तिला मानमोडी म्हणत. त्यांच्या मागची वारसनोंद सापडली. मुलं लहान, म्हणून पुढे लिहिलं होतं, ‘अज्ञान पालन करणार आई’, आणि तिचं नाव. चांगलं पूर्ण नाव! वंशावळीने गाळलेली बाई सरकारी सारावसुलीच्या कागदाने जपून ठेवली होती. सारा कुणाकडून घ्यायचा हे सरकारला ठाऊक हवं होतं, एवढंच त्यामागचं कारण. पण मला ते वाचून भरून आलं.

पुढचा फेरफार १९६१ चा, आजोबा गेल्यानंतरचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींनाही वाटा मिळाला होता, म्हणून बाबा-काकांबरोबर तिन्ही आत्यांची नावं लागलेली. आणि चारच वर्षांनी हक्कसोड. सातबाऱ्यावर त्यांच्या नावांना कंस पडले. महसुलाच्या भाषेत ‘नाव कंसात जाणं’ म्हणजे हक्क संपणं.

आत्यांना दरवर्षी लुगडं आणि आंब्याची पेटी जायची. त्या आल्या की घर भरून जायचं. माया खरीच होती, पण कागदही खरा आहे. भावाशी वाकडं नको, माहेर तुटायला नको, म्हणून आपल्याकडे किती बायकांनी सह्या केल्या असतील! बायकांची नावं कागदावर यायची ती विधवा म्हणून, नाहीतर हक्क सोडताना. असो.

बाबा २००९ साली गेले. वारसनोंदीत भावांबरोबर माझंही नाव लागलं. हक्कसोडीचा कागद माझ्याकडे दोनदा येऊन गेला. भाऊ हे वाचतीलच, म्हणून इथेच सांगते: मी सही करणार नाही. वाटणी मागायची नाही, झाडाचा एक आंबाही नको. कलमं लावली तुम्ही, राखण तुमची, उत्पन्नही तुम्हीच घ्या. पण शंभर वर्षांनी आपल्यातली एखादी पोर हे दप्तर उघडेल, तेव्हा तिला या घरातल्या एका तरी लेकीचं नाव कंसाशिवाय दिसावं.

२०२४ साली शासनाने मुलांच्या नावात आईचं नाव लावायचा निर्णय घेतला. चांगलं झालं. आपण घरची वंशावळ तरी दुरुस्त करू या. आत्यांच्या लेकी-सुनांनो, तुमच्या आज्या-पणज्यांची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावं मला कळवा. नवी वंशावळ लिहायला घेतली आहे. तिच्यात ‘कन्या ३’ असं कुठेही लिहायचं नाही.