गेमिंगसाठी ५जी वायरलेस की डीएसएल? आधी पिंग बघा, मग स्पीड

गेल्या वर्षी मी मावसभावाला चुकीचा सल्ला दिला. गावाकडे त्याला लँडलाइनवरच्या ब्रॉडबँडवर जेमतेम ८ एमबीपीएस मिळायचे. मी म्हटलं, "छतावर अँटेना बसवून वायरलेस घे." दुपारच्या स्पीड टेस्टमध्ये १०० एमबीपीएस दिसले, सगळे खूश. रात्री नऊला त्याचा फोन, "दादा, समोरचा प्लेयर दिसतो एकीकडे, गोळी येते दुसरीकडून!" सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून झाले होते. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

गेमला काय लागतं?

खेळताना बहुतेक ऑनलाइन गेम १ एमबीपीएसपेक्षाही कमी डेटा वापरतात. खरा प्रश्न पिंगचा, म्हणजे डेटा सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचा. हा वेळ सतत खाली-वर होणं म्हणजे जिटर. पिंग कायम ५० मिलिसेकंद असेल तर हाताला सवय होते. कधी २५, कधी १८० असेल तर होत नाही.

डीएसएल

घरापासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याची तार फक्त तुमची असते, म्हणून लाइन चांगली असेल तर पिंग स्थिर राहतो. पण एडीएसएल२+ ची कमाल मर्यादा २४ एमबीपीएस, आणि एक्स्चेंज ३-४ किलोमीटर लांब असेल तर स्पीड खूप घसरतो. ५० जीबीचा गेम ८ एमबीपीएसवर उतरवायला जवळपास १४ तास लागतात. अपलोड साधारण १ एमबीपीएस, त्यामुळे घरात कुणाच्या फोटोंचा बॅकअप सुरू झाला की पिंग चढलाच. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी गेलं की लाइन तुटते. मोडेमच्या सेटिंगमध्ये एसएनआर मार्जिन बघा. ६ डेसिबलच्या खाली असेल तर आधी लाइन दुरुस्त करून घ्या.

फिक्स्ड वायरलेस

इथे टॉवर ते घर हा टप्पा हवेतून. टॉवरची क्षमता आजूबाजूच्या सगळ्यांत वाटली जाते. रात्री आठ ते अकरा सगळे ऑनलाइन आले की पॅकेट रांगेत थांबतात आणि जिटर वाढतो. अँटेनासमोर झाड किंवा इमारत असेल तर आणखी त्रास. टॉवर जवळ, समोर मोकळं आणि गर्दी कमी असेल तर मात्र हेच कनेक्शन गेमिंगलाही मस्त चालतं.

पैसे भरण्याआधी

ज्या शेजाऱ्याकडे तेच कनेक्शन आहे, त्याच्याकडे रात्री नऊला जा. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा, म्हणजे वायफायचा दोष यात मिसळणार नाही. पिंग कमांडने बाहेरच्या सर्व्हरला १०० पॅकेट पाठवा. माझा साधा नियम: एकही पॅकेट हरवू नये आणि किमान-कमाल पिंगमधला फरक ३० मिलिसेकंदांच्या आत असावा. शक्यतो एक महिन्याचाच प्लॅन घ्या.

मग काय घ्यावं?

घरापर्यंत फायबर येत असेल तर विषयच संपला, तेच घ्या. नसेल तर वरच्या टेस्टमध्ये वायरलेस पास झालं तर वायरलेस, नाहीतर चांगल्या लाइनचं डीएसएल. आणि नवीन कनेक्शन महिनाभर वापरल्याशिवाय जुनं बंद करू नका. मावसभावाने लँडलाइन काढली नव्हती म्हणून वाचला. आता गेम डाउनलोड वायरलेसवर आणि मॅच त्या ८ एमबीपीएसवर!