देणगी मागण्याची परंपरा

इंदिरानगरातील आमच्या वाचनालयासाठी एखाद्या धर्मादाय प्रतिष्ठानाकडे अर्ज करावा असे निघताच, ‘आता हात पसरावयाचा काय?’ असा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदांनी केला. आम्हांस महर्षी धोंडो केशव कर्वे आठवले. १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि त्यासाठी गावोगाव हिंडून लहानमोठ्या वर्गण्या जमविल्या. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली. तिच्या अटीनुसार विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव मिळाले. या दानामागे २४ वर्षांचे काम उभे होते. आपणही नोंदणीपत्र व तपासलेले हिशेब अर्जास जोडावेत, अटी नीट वाचाव्यात. मग सही करताना मान खाली घालण्याचे कारण नाही.