लाकडी ‘सुहैली’ की फायबरची रस्लर ३६? जुन्या शिडाच्या बोटीची निवड कशी करतात?

सेकंडहँड गाडी घेताना आपण मीटर पाहतो, इंजिनचा आवाज ऐकतो. पण जुन्या पद्धतीची शिडाची बोट निवडायची असेल तर? भारतीय नौदलाचे निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी यांना हा प्रश्न दोनदा सोडवावा लागला. गोल्डन ग्लोब शर्यतीत एकट्याने जगप्रदक्षिणा करायची असते आणि बोट साधारण ३२ ते ३६ फुटांची, १९८८ पूर्वीच्या डिझाइनचीच लागते. टॉमी दोन शर्यतींत दोन वेगळ्या बोटी घेऊन उतरले.

पहिली बोट : ‘थुरिया’

या बोटीचं मूळ मुंबईत आहे. १९६०च्या दशकात मुंबईत सागवानाची ३२ फुटी ‘सुहैली’ बांधली गेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्याने जगप्रदक्षिणा केली. असं करणारे ते जगात पहिले. ‘थुरिया’ ही ‘सुहैली’ची गोव्यात नव्याने बांधलेली लाकडी प्रतिकृती. डोलकाठ्या दोन, त्यामुळे शिडं लहान आणि एकट्याला आवरायला सोपी.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती उलटली. डोलकाठी मोडली, टॉमींच्या मणक्याला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवलं.

दुसरी बोट : ‘बायानत’

२०२२च्या शर्यतीत टॉमींनी रस्लर ३६ निवडली. ही ब्रिटिश बनावटीची, फायबरग्लासची, एका डोलकाठीची बोट. २०१८ची शर्यत याच मॉडेलने जिंकली होती. एप्रिल २०२३ मध्ये टॉमी दुसरे आले.

मग रस्लरच भारी?

इतकं सोपं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सूझी गुडॉल यांची रस्लर ३६ सुद्धा वादळात उलटली आणि तिची डोलकाठी मोडली. म्हणजे मॉडेलचं नाव ही सुरक्षिततेची हमी नव्हे. जुनी बोट घेताना तिची आजची अवस्था जास्त महत्त्वाची.

काय तपासतात?

- लाकडी बोट : फळ्यांमधले सांधे आणि कुजलेला भाग. ‘सुहैली’च्या सांध्यातून पाणी येऊ लागल्यावर नॉक्स-जॉन्स्टन यांना भर समुद्रात बुडी मारून ते बुजवावं लागलं होतं.
- फायबरची बोट : पाण्याखालच्या भागावर आलेले फोड. डेक ठोकून पाहतात. आवाज बद्द आला, तर आत पाणी मुरल्याची शंका घ्यायची.
- डोलकाठी : तिला धरून ठेवणाऱ्या तारा आणि त्या बोटीला जिथे जोडल्या आहेत त्या पट्ट्या. तारा सुमारे १० वर्षांनी बदलण्याचा सल्ला दिला जातो.
- सर्व्हे : बोट पाण्याबाहेर काढून तज्ज्ञाकडून तपासणी. पैसे देण्याआधी हे करायलाच हवं.

थोडक्यात

लाकूड हाताने दुरुस्त करता येतं, पण सतत देखभाल मागतं. फायबरला रोजची निगा कमी लागते, पण त्याचं दुखणं आत लपलेलं असतं. अहिल्यानगरच्या मुळा धरणासारख्या पाण्यात मात्र यातली एकही नको. दोन्हींचा तळ दीड मीटरहून खोल जातो. तिथे तळपट्टी वर ओढता येणारी छोटी डिंगीच बरी.