एका ‘उर्फ’ची कुळकथा

19 डिसेंबर 1961 रोजी गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. पुढील वर्षीच्या मार्चमध्ये भारत सरकारने काढलेल्या नागरिकत्व-आदेशाने असे ठरविले की, 20 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जो जन्मला, अथवा ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजा-आजींपैकी कोणीही एक तेथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक समजला जावा. पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखू इच्छिणाऱ्याने एका महिन्यात तसे लेखी कळवावयाचे होते; इतरांना काहीच करावे लागले नाही. नागरिकत्व असे एका दिवसात बदलले. नाव मात्र जुन्या नोंदवहीत होते तसेच राहिले.

त्या नोंदवहीतील नावे पोर्तुगीज लेखनपद्धतीने उतरविलेली होती. त्या भाषेला ‘के’ हे अक्षर परके. म्हणून ‘क’साठी कधी ‘सी’, तर कधी ‘क्यू’ आणि ‘यू’ यांची जोडी येई. ‘श’साठी ‘एक्स’ वापरीत. त्यात कोकणी उच्चाराचे वळण मिसळले की प्रभूंचे पोरोबो होत, केंकऱ्यांचे केंक्रो, कामतांचे कामोती आणि शेणव्यांचे सिनाय. गोव्याच्या दप्तरखान्याचे प्रमुख आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचे साक्षेपी अभ्यासक पांडुरंग पिसुर्लेकर यांचे नावही त्यांच्या पोर्तुगीज ग्रंथांवर ‘पांदुरोंगा पिसुर्लेंकार’ असे आढळते. हे दोघे एकच, हे इतिहासाच्या वाचकाला सांगावे लागत नाही. साध्या कुळागरवाल्याची ओळख पटविणारे ग्रंथ मात्र नसतात. त्याच्याजवळ केवळ दाखला असतो.

मुक्तीनंतर मराठी व इंग्रजी शाळा वाढल्या, कचेऱ्यांची भाषा बदलली. शाळेच्या पटावर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव एवढीच अपेक्षा असे. जुन्या नोंदीत मात्र स्वतःचे नाव, पित्याचे नाव, सिनाय किंवा कामोती यांसारखी कुळाची उपाधी आणि गावावरून आलेले आडनाव अशी चौपदरी मांडणी पुष्कळदा आढळते. यांतले आडनाव कोणते? एक भाऊ उपाधी धरून राहिला, दुसऱ्याने गावाचे नाव स्वीकारले, आणि एकाच बापाची मुले कागदावर दोन घराण्यांची झाली. 1968 च्या जमीन महसूल कायद्यानंतर नव्या भूमापनाने ‘एक-चौदा’चे उतारे सिद्ध झाले. त्यांत इंग्रजी वळणाची नावे आली, आणि त्याच जमिनीचे पोर्तुगीज दस्तऐवज पेटीत जुन्या नावाने पडून राहिले.

हा पेच सर्वांत कठीण झाला तो स्त्रियांच्या बाबतीत. गोव्याचा कौटुंबिक कायदा 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला होता आणि 1961 नंतरही तो कायम ठेवण्यात आला. त्यानुसार विवाहसमयी वेगळा करार झालेला नसल्यास पतिपत्नींची मालमत्ता समाईक होते, आणि आईबापांच्या वारशात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. हक्क असा भक्कम. परंतु तो बजावायचा कोणत्या नावाने? हिंदू घरातील मुलीची जन्मनोंद माहेरच्या नावाने झालेली असे. लग्नात तांदळांच्या ताटात दुसरेच नाव लिहिले जाई आणि पुढे ती आयुष्यभर त्याच नावाने ओळखली जाई. वडिलांच्या मृत्यूनंतर वाटणीचे प्रकरण उभे राहिले, की जन्माच्या नोंदीतील मुलगी आणि समोर उभी असलेली प्रौढ बाई या दोन व्यक्ती नव्हेत, हे तिला शपथेवर सांगावे लागे. ते सांगता आले नाही, तर कायद्याने दिलेला वाटा कागदाअभावी अडून राही.

या अडचणीतूनच ‘उर्फ’ हा शब्द गोव्याच्या दस्तऐवजांत इतका रुळला. खरेदीखतात, प्रतिज्ञापत्रात, वारसांच्या यादीत दोन-दोन, तीन-तीन नावे त्याने जोडलेली दिसतात. 1990 साली नाव व आडनाव बदलण्यासाठी गोव्याने स्वतंत्र कायदा केला. अर्जदाराचे जुने आणि नवे नाव राजपत्रात प्रसिद्ध होऊ लागले, हरकतीसाठी मुदत मिळू लागली. तेव्हापासूनच्या राजपत्रांतील या नीरस जाहिराती एकत्र वाचल्या, तर एका समाजाने आपली नावे एकेक करून पुन्हा कशी लिहिली, याचा तो इतिहासच ठरतो.

तथापि जुनी नावे निकामी झाली नाहीत. 1974 च्या अखेरीस झालेल्या करारान्वये पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले; पण 1961 पूर्वी तेथे जन्मलेल्यांचा पोर्तुगीज राष्ट्रीयत्वावरील दावा त्या देशाचा कायदा स्वीकारीत राहिला. त्यामुळे ज्या ओकारान्त नावांतून आजोबांनी सुटका करून घेतली, तीच नावे नातवंडे सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत शोधू लागली. लिस्बनला जुने स्पेलिंग हवे, भारतीय पारपत्रावर नवे. मधली फट सांधायला पुन्हा प्रतिज्ञापत्र. शिवाय भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. एकाच माणसाची दोन नावे ‘उर्फ’ने जोडता येतात; दोन नागरिकत्वांना जोडणारा तसा शब्द त्याच्यासाठी भारतीय कायद्यात नाही.