मांद्र्याचा माड लिस्बनला का रुजला नाही



आपल्या मांद्रेकर कुटुंबांतली निम्मी मुलं आज गावाबाहेर आहेत. कोणी पुण्याला, कोणी दिल्लीला, कोणी लंडन-टोरोंटोकडे. गणपतीत किंवा सत्यनारायणाला कलशावर ठेवलेल्या नारळाला कधी कोंब फुटतो. घरात आनंद होतो, तो नारळ कुंडीत लावतात, चार हिरवी पानं येतात, फोटो येतात. आणि दुसऱ्या हिवाळ्यात ते रोप पिवळं पडून वठतं. मग फोनवर हळूच विचारणा होते, 'काका, हा अपशकुन तर नाही ना?' काही घरांत तर सुनेच्या हाताला दोष दिल्याचंही मी ऐकलं आहे. म्हणून हा लेख. यात शकुन-अपशकुन काही नाही. थंडीपुढे माड हरतो, हा इतिहास पाचशे वर्षांचा आहे.

पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले. आपला पेडणे महाल त्यांच्याकडे गेला तो बराच उशिरा, १७८८ मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. १९६१ च्या डिसेंबरात ते गेले. एवढ्या काळात त्यांनी माडाचं मोल नीट ओळखलं होतं. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात माडाला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. जगभर चालणारा 'कोको' हा शब्दही पोर्तुगीज खलाशांचाच. सोळाव्या शतकात त्यांनी हिंदी महासागराकडचा नारळ आफ्रिकेला वळसा घालून केप व्हर्दे बेटांवर आणि तिथून पुढे ब्राझीलला नेला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासातही अटलांटिक किनाऱ्यावरचे माड हिंदी महासागराच्या घराण्यातलेच निघाले. म्हणजे ब्राझीलचा माड आपला दूरचा भाऊबंद म्हणायला हरकत नाही.

पण स्वतःच्या राजधानीत, लिस्बनला, त्यांना माडाची बाग उभी करता आली नाही. तिथे बर्फ जवळजवळ पडत नाही, पण जानेवारीच्या रात्री पारा आठ अंशांच्या आसपास असतो आणि दिवसाही फारशी ऊब नसते. तिथल्या बागांत दिसतात ते कॅनरी बेटांवरचे खजुरीच्या जातीचे वृक्ष. सत्ता होती, जहाजं होती, पैसा होता. ऊब मात्र आणता आली नाही.

याचं कारण समजून घ्यायला हवं. माडाला सरासरी सत्तावीस अंश तापमान मानवतं. आपल्या जुनसवाड्याला किंवा आश्व्याला जानेवारीच्या पहाटेही पारा साधारण वीसच्या आसपास राहतो. त्याखाली माडाची वाढ मंदावते. दहाच्या खाली बराच काळ राहिला तर पानांच्या पेशींची आवरणं ताठरतात. खोबरेल तेल थंडीत कसं थिजतं, तसंच काहीसं समजा. पाणी आणि अन्नरस वाहणं बिघडतं, पानं करपतात. शून्याजवळ तर रोप मरतंच.

आंबा-फणसाची एक फांदी गेली तर दुसरी फुटते. माडाला वाढीचा डोळा एकच, शेंड्यातला गाभा. तो कुजला की संपलं. शिवाय थंड देशांतली कित्येक झाडं हिवाळ्यात पानं गाळून झोपतात. माडाला ती सवय नाही. तो बारा महिने, महिन्याला साधारण एक चूडत काढत राहतो.

मग कोणी म्हणेल, पुण्यात थंडी असून सोसायट्यांतून माड कसे आहेत? पुण्याची पहाट थंड, पण दुपार तीस अंशांची. रात्रीचं नुकसान दिवसा भरून निघतं. लंडनला तो भरणाच होत नाही.

आता त्या कलशाच्या नारळाचा हिशोब. बँकेत आयुष्य गेलं, म्हणून त्याच भाषेत सांगतो. कवाथा पहिलं वर्षभर तरी बराचसा नारळातल्या खोबऱ्यावर जगतो. आत जो पांढरा, गोड गोळा तयार होतो, तो हेच खोबरं शोषून रोपाला पुरवतो. म्हणजे ती हिरवी पानं ठेव मोडून आलेली असतात. कमाईची जागा म्हणजे ऊन. परदेशातल्या खिडकीत ते पुरेसं नाही, आणि गारठ्यात मुळं काम करत नाहीत. ठेव संपली की खातं बंद. यात सुनेचा काय दोष?

युरोपातल्या श्रीमंतांनीही हाच प्रश्न पैशाने सोडवायचा प्रयत्न केला. लंडनजवळच्या क्यू उद्यानात १८४८ मध्ये लोखंड आणि काचेचं 'पाम हाऊस' पुरं झालं. कोळशाच्या बॉयलरवर पाणी तापवून नळांतून ऊब खेळवायची, तेव्हा आत ताडमाड जगायचे. हे घरोघरी कसं जमणार? सामान्य घरांनी वेगळी वाट धरली. उष्ण किनाऱ्यावरचा वृक्ष सोडून त्यांनी मुळातच थंडाव्यात वाढलेली जात शोधली. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाऊ बेटावरचा 'केंशिया' हा तो. कमी उजेड, गार खोली त्याला चालते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं बी विकण्यावर त्या चिमुकल्या बेटाचं पोट चालू लागलं. बाहेर अंगणात लावायला चीनचा पंख्यासारख्या पानांचा पाम १८४९ मध्ये ब्रिटनमध्ये आला. तो शून्याखाली दहा अंशही सोसतो. त्याचाच एक भाऊ आपल्या कुमाऊँच्या डोंगरात बर्फात उभा आहे.

एक घोळ मात्र टाळा. नर्सरीत मिळणारा 'अरेका पाम' म्हणजे आपल्या कुळागरातली पोफळ नव्हे. तो मूळ मादागास्करचा. दहा अंशांखाली तोही कुरकुरतो, दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत त्याची पानं तपकिरी होतात ती त्यामुळेच.

तेव्हा थंड गावी राहणाऱ्या मुलांना सांगणं असं. घरात केंशिया किंवा ऱ्हापिस ठेवा. हिवाळ्यात पाणी कमी घाला, थंड काचेला पान टेकू देऊ नका, हीटरजवळ कुंडी नको. करपलेली पानं थंडी सरेपर्यंत कापू नका. गाभा हिरवा असेल तर आशा आहे.

आणि देवाच्या नारळाला कोंब आला तर जरूर लावा, वर्षभर आनंद घ्या, वठला तर हात जोडून मातीला द्या. मनात काही आणू नका.

माडच वाढवायचा असेल तर मिरगाच्या सुमारास इथे या. भाट रिकामं पडलं आहे, पाडेली मिळत नाही म्हणून जुने माड तसेच उभे आहेत, आणि जमिनीला गिऱ्हाईक रोज दारात आहे. आज लावलेला कवाथा सहा-सात वर्षांत धरेल. त्याला ना काचेचं घर लागतं, ना कोळसा. घरचं कोणीतरी विचारपूस करणारं लागतं, एवढंच.