पोच आल्याशिवाय नोंद खोडायची नाही

जून लागला की मुंबई-रत्नागिरी बोटी बंद होत. पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्रात बोट बंदराबाहेर उभी करायची आणि उतारू, टपालाच्या थैल्या पडावातून किनाऱ्याला आणायच्या, हे शक्यच नसे. जिल्ह्यात रेल्वे आली ती थेट १९९० च्या दशकात. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा अख्खा मार्ग वाहतुकीला खुला झाला. त्याआधीच्या शंभर-सव्वाशे पावसाळ्यांत टपालाला जमिनीवरूनच वाट काढावी लागली. समोर घाट आणि मध्ये नद्या-खाड्या. भाल्याला घुंगरं बांधलेला रनर खांद्यावर थैली घेऊन ठरलेल्या टप्प्यापर्यंत जायचा आणि तिथे दुसऱ्याच्या हवाली करायचा. नदीला पूर असला की थैली अलीकडेच थांबे. मात्र तिची नोंद झालेली असे, तोंडावर लाखेची मोहर असे, आणि ती कोणाच्या ताब्यात आहे हे कागदावर असे.

आजच्या बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या संगणकांत नेमकं हेच काम करणारं सॉफ्टवेअर असतं. एका यंत्रणेने दुसरीला निरोप धाडला आणि दुसरी त्या क्षणी बंद असली, तर तो हरवू नये म्हणून मध्ये रांग ठेवतात. निरोप घ्यायचा, जपायचा, वाट मोकळी झाली की पुढे द्यायचा आणि पोच आल्याशिवाय नोंद खोडायची नाही. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या टेकनेक्रॉन कंपनीने १९८० च्या दशकात वॉल स्ट्रीटच्या दलालांसाठी ‘इन्फर्मेशन बस’ उभी केली. तिच्यातूनच पुढे १९९७ साली टिबको निघाली. आयबीएमचं याच कामाचं एमक्यूसिरीज १९९३ चं. अशी यंत्रणा बसवण्याआधी आखणी करणारे काही प्रश्न कागदावर मांडतात: निरोप कुठे थांबेल, किती काळ थांबेल, दोनदा पोहोचला तर काय, पोहोचलाच नाही तर काय. रत्नागिरीच्या टपालाला यांतला एकही प्रश्न नवा नव्हता.

‘दोनदा पोहोचला तर काय’ हा प्रश्न सगळ्यात महागाचा, कारण तिथे पैसे असतात. १८८० साली मनिऑर्डरचं काम सरकारी खजिन्यांकडून टपालखात्याकडे आलं. तोवर मुंबईच्या गिरण्यांत कोकणी माणसांची रीघ लागली होती. १९११ च्या सुमारास गिरणी कामगारांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते, आणि तेव्हाच्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत असे. चाकरमानी परळ-लालबागच्या पोस्टात रोख भरायचा. ती रोख गावी जात नसे. जायचा तो फक्त फॉर्म. गावच्या पोस्टमनने आपल्याकडच्या शिलकेतून तेवढी रक्कम द्यायची, सही घ्यायची, सही येत नसेल तर साक्षीदारासमोर अंगठा. सहीचा तो तुकडा मुंबईला परत जायचा. प्रत्येक मनिऑर्डरला क्रमांक असल्याने एकाच क्रमांकावर दुसऱ्यांदा पैसे द्यायची सोय नव्हती. ‘निरोप नेमका एकदाच’ हा सॉफ्टवेअरवाल्यांना घाम फोडणारा नियम इथे शाई आणि अंगठ्याच्या ठशावर पाळला जाई. फॉर्मच्या कूपनवर चार ओळींची जागा असे. घरची बरीचशी ख्यालीखुशाली तेवढ्यात मावायची.

माणूस गाव सोडून गेला, मयत झाला, पत्ता लागला नाही, तर मनिऑर्डर ठरावीक दिवस ठेवून पाठवणाऱ्याकडे परत जाई. पत्रांसाठी डेड लेटर ऑफिस होतं. ना घेणारा सापडला ना पाठवणारा, अशी पत्रं तिथे जमत आणि पत्त्याचा माग काढायला ती उघडण्याचा अधिकार तिथल्या कारकुनांनाच असे. आजच्या सॉफ्टवेअरमध्येही न पोहोचणाऱ्या निरोपांसाठी वेगळी रांग राखतात आणि ती रोज कोण तपासणार हे आधीच ठरवतात. ती नसली तर एक बिघडलेला निरोप मागच्या सगळ्यांना अडवून ठेवतो.

तारेचा हिशेब वेगळा होता. साधी तार आणि अर्जंट तार अशा दोन रांगा, जास्त पैसे मोजणारा पुढे. मधल्या ऑफिसातला तारबाबू मजकूर ऐकून उतरवून घेई आणि पुढच्या तारेवर पुन्हा वाजवी. शुभेच्छांच्या ठरलेल्या वाक्यांना क्रमांक दिलेले होते; लग्नघरी पूर्ण वाक्य पोहोचायचं, तारेवरून मात्र आकडा जायचा. पुढे हे घेऊन-ठेवून-पाठवण्याचं काम मोठ्या तारघरांत संगणकांकडे गेलं. जुलै २०१३ मध्ये बीएसएनएलने तार बंद केली.

पत्त्याचा गुंता सोडवला तो एका मराठी संस्कृत कवीने. पाली रत्नागिरी तालुक्यात आहे, रायगडात आहे आणि राजस्थानातही. त्यात अक्षर कुणाचं कसं, लिपी कोणती, याचा नेम नाही. दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. रत्नागिरीचा ४१५६१२. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून थैली कुठे फोडायची ते सांगणारे, उरलेले तीन टपालघराचे. छाटणी करणाऱ्याला गावाचं नाव वाचायचीही गरज उरली नाही.

रांग कितीही चोख असली तरी तिच्यात टाकायला काहीतरी लागतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि कोकणातल्या अनेक घरांची मनिऑर्डर आटली. पोस्टमन होते, फॉर्म होते, पैसेच येत नव्हते.

कागदी मनिऑर्डर २०१५ मध्ये इतिहासजमा झाली. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दर्पण’ योजनेतून देशातल्या सुमारे १.२९ लाख शाखा टपालघरांना सौरऊर्जेवर चालणारी हातयंत्रं द्यायचं ठरलं. रेंज नसेल तेव्हा व्यवहार यंत्रातच साठतो आणि जोडणी मिळाली की मुख्य संगणकाकडे जातो. डोंगर, दऱ्या आणि चार महिन्यांचा पाऊस असलेल्या जिल्ह्यात ही सोय यंत्र बनवतानाच करून ठेवावी लागते.